इस्त्रीखालून गेलेली कादंबरी

तीर्थरूप मामांना,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना, आणि त्यातल्या त्यात डाव्याला, शिरसाष्टांग नमस्कार. मामीला वेगळा नमस्कार. तुमच्यातलाच अर्धा काढून देऊ नका, मागच्या वेळी तिनं तक्रार केली होती. इकडे सगळे ठीक. आईचा खोकला गेला. बाबांनी नळदुरुस्तीसाठी नवे पाने घेतले आहेत आणि ते पुसून ठेवण्यात त्यांचा रविवार जातो. धाकटा गणितात पास झाला आणि त्याचा त्यालाच धक्का बसला. तुमचं रक्तदाबाचं यंत्र मामीच्या हाताला लावलं की बरोबर आकडा दाखवतं आणि तुमच्या हाताला लावलं की चुकीचा, हे वाचून काळजी वाटली. मामा, यंत्र बिघडलेलं नसावं.

पत्राला उशीर झाला हे खरं आहे. कारण मुळापासून सांगितल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून चष्मा लावा, पाय उशीवर घ्या आणि मधे मधे ‘मुद्द्यावर ये’ असं म्हणू नका. मला इथपर्यंत ऐकू येतं.

मी नक्की काय काम करते, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. आमची प्रकाशन संस्था म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक प्रकाशकबाई आणि मी. (तिसरी खोली आहे असं बाई म्हणतात, पण ती पुस्तकांच्या गठ्ठ्यांमागे आहे आणि मी अजून पाहिलेली नाही.) मी ज्या बाकावर बसून हे लिहिते आहे तो बाक नाही, ती आमच्या कादंबरीकारांची तिसरी कादंबरी आहे. चौथीवर चहाची किटली असते. दुसरी संपली. हे बाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात आणि दारापर्यंत पोचवायला गेल्या की पुन्हा सांगतात. मोठे प्रकाशक हस्तलिखित आलं की ‘किती खपेल?’ असं विचारतात म्हणे. बाई विचारतात, ‘हे कुणी लिहिलंच नसतं तर काय अडलं असतं?’ मी नोकरीसाठी भेटायला आले तेव्हा हा प्रश्न त्या दुसऱ्याच कुणाला विचारत होत्या आणि मी दारातच त्यांच्या बाजूची झाले. मला पदवी मिळाल्यापासून इतका चांगला प्रश्न माझ्या कानावर पडला नव्हता. आपल्या घरात तर, तुम्हाला माहीत आहे, पहिली पदवीधर म्हणून मला फक्त औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायला देतात.

आता कादंबरीकार. हे गृहस्थ बसडेपोत वेळापत्रकं करतात आणि या महिन्याअखेरीस निवृत्त होत आहेत. बोलणं इतकं कमी की पहिले दोन आठवडे मला ते वीजमीटर बघायला येणारे वाटले. तीस वर्षांत चार कादंबऱ्या लिहिल्या, चारही बाईंनी छापल्या. पाचवीची वही आणून दिली तेव्हा त्यांनी माझ्या बाकाकडे पाहिलं, किटलीखाली पाहिलं आणि म्हणाले, “याही पुस्तकाचं फर्निचर झालं तर मी लिहिणं थांबवतो. तक्रार नाही. जागा किती अडवायची.” बाईंनी मग यंदा दुसरं एकही पुस्तक हाती घेतलं नाही. सगळा जीव या एकात.

आणि मामा, कादंबरी तशी आहेच. बसडेपोत हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय असतं ना, तिथं बावीस वर्षं काम करणारी एक बाई. (छत्र्या मुठीच्या आकाराप्रमाणे लावून ठेवते.) एक दिवस एक बॅग जमा होते, आणि ती तिच्या घर सोडून गेलेल्या भावाची असते. नियम असा की नव्वद दिवस बॅग उघडायची नाही. त्या नव्वद दिवसांची ही कादंबरी. प्रकरणं तेरा. मी टाइप करताना दोनदा उठून तोंड धुऊन आले.

पण बाईंचा एक नियम आहे. कुठलंही पुस्तक छापखान्यात जाण्याआधी सबंध मोठ्यानं वाचून दाखवायचं, तेही अशा माणसाला, जो कादंबऱ्या वाचत नाही आणि ज्याला आमचं किंवा लेखकाचं काहीही देणंघेणं नाही. ओळखीचा माणूस चालत नाही, तो स्तुती करतो. (तिसरीच्या वेळी कुलपं बनवणारे एक गृहस्थ निवडले होते, ते दुसऱ्या प्रकरणात झोपले. तरी बाईंनी छापली. मी बसले आहे ती हीच.) या वेळी माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि मी जिना उतरून खाली गेले, कारण खाली इस्त्रीवाल्या मावशींचं दुकान आहे. मावशी बोलतात कमी, इस्त्री आपटतात जास्त. मी विचारलं तर म्हणाल्या, “वाच बापडी. हातानं काम चालू राहील, कान रिकामेच आहेत.”

रोज सकाळी अकरा वाजता एक प्रकरण. मी स्टुलावर, त्या टेबलाशी, मागे दोरीवर लॉजच्या चादरी. पहिली सहा प्रकरणं मावशी नुसत्या इस्त्री करत होत्या. चांगलं की वाईट, काही नाही. मी प्रत्येक प्रकरणानंतर आशेनं बघायची आणि त्या म्हणायच्या, “झालं? ती कॉलर दे इकडे.” सातव्या प्रकरणात ती बाई बॅगेवर हात ठेवते आणि हात परत उचलून घेते. एवढंच होतं. आणि मामा, जळका वास आला. समोरच्या दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट, खिशाच्या जरा खाली, इस्त्रीच्या पूर्ण आकारात. मावशींनी इस्त्री उचलली, कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “एकवीस वर्षांत पहिला.” (डॉक्टर भले माणूस. त्यांचं म्हणणं, पेशंटला तोंड उघडून छताकडे बघायचं असतं, कोटाकडे नाही.)

इथं मी चूक केली. शांतपणे वर जाऊन बाईंच्या कानात सांगायचं, तर मी तो कोट झेंड्यासारखा उंच धरून जिना चढले आणि नेमके कादंबरीकार वर बसले होते. मी सगळं सांगितलं. कुठल्या ओळीला, हेही सांगितलं. त्यांनी कोट हातात घेतला, जळक्या खुणेवरून बोट फिरवलं आणि चक्क हसले. तीस वर्षांत एका परीक्षकानं त्यांच्याबद्दल ‘संयत’ असं लिहिलं होतं, दुसऱ्यानं ‘संयत’ असंच लिहिलं होतं. त्यांच्यासाठी कुणी काही जाळलं नव्हतं. बाईंनी डॉक्टरांना नवा कोट घेऊन दिला आणि हा भिंतीवर लावला. मला वाटलं, मी साहित्याची सेवा केली.

दुसऱ्या दिवशी आठवं प्रकरण. काही जळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कादंबरीकार नवव्या प्रकरणाची नवी पानं घेऊन आले. जुन्या नवव्यात ती बाई दिवसभर चाव्यांच्या जुडग्यात एक चावी शोधते. नव्या नवव्यात डेपोला आग लागली होती. दहाव्यात बॅगेच्या मागावर मिशीवाला माणूस आला. अकराव्यात छत्र्यांच्या स्टँडमधून पिस्तूल निघालं. मी टाइप करत होते आणि मनात दर ओळ खोडत होते. पण लेखकाचं स्वातंत्र्य ही मोठी गोष्ट आहे मामा, मी त्यावर कॉलेजात भाषण केलं होतं, दुसरं बक्षीसही मिळालं होतं. आता त्याच स्वातंत्र्यातून मिशीवाला माणूस आला तर मी कोणत्या तोंडानं अडवू? शेवटचं प्रकरण तर त्यांनी मी टाइप करायच्या आधीच वहीतून काढून परत नेलं होतं, ‘शेवट जरा वाढवतो’ म्हणून. त्यात भाऊबहीण जळत्या डेपोतून बस पळवणार होते आणि बॅगेत हिरे निघणार होते.

खाली मावशींचं काय? काही नाही. आग लागली तेव्हा त्यांनी चार पँटी हातावेगळ्या केल्या. पिस्तुलाच्या प्रकरणात तर लॉजचं सगळं गाठोडं संपलं, असा हात चालला. रोज वाचन झालं की दहा मिनिटांनी कादंबरीकार वर येत, कपड्यांचा सगळा हिशेब त्यांना मी सांगायच्या आधीच ठाऊक असे, आणि तोंड उतरलेलं असे. कसं ठाऊक असे ते मला अकराव्या प्रकरणाच्या वेळी कळलं. चादरींच्या खाली डेपोचे बूट होते. बुटांत पाय होते.

मी बाईंकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना. बाई बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिल्या. म्हणाल्या, “मोठ्या प्रकाशकांनी त्यांना असंच सांगितलं असतं ना, की आग घाला, पिस्तूल घाला? ते सांगायचं नाही म्हणून तर मी या दोन खोल्यांत बसले. मग ‘काढा’ असं तरी कशी सांगू? ते माझं काम नाही.” मी म्हटलं, “पण बाई, पुस्तक जातंय.” त्या म्हणाल्या, “दिसतंय मला. माझंही जातंय.” आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. छापखान्यानं आम्हाला गुरुवार दुपारी तीनची वेळ दिली होती. त्यानंतर शाळेची पुस्तकं सुरू होणार, म्हणजे तीन महिने आमच्यासारख्यांना दार बंद. तीन महिन्यांत कादंबरीकारांनी पाणबुडीसुद्धा आणली असती.

बुधवारी बारावं प्रकरण. त्या बाईनं पिस्तूल रोखून मिशीवाल्याला म्हटलं, “हात वर!” मावशींची इस्त्री थांबली. मला वाटलं, आला वास. पण त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि कमरेवर हात दिले.

“थांब गं. ही कोण?”

“तीच की, मावशी. ऑफिसातली.”

“ती नव्हे ही. बावीस वर्षं मुठी बघून छत्र्या लावणारी बाई पिस्तूल धरते? तिला आधी ते कुठल्या कप्प्यात ठेवायचं याचा घोर लागेल. हे कुणीतरी दुसऱ्यानं लिहिलंय. चार दिवस मी बघतेय.”

चादरीमागे कुणीतरी घसा खाकरला. मावशींनी मागे न बघता हाक मारली, “अहो बूटवाले! या बाहेर. मला वाटलं कुणाचे राहिलेत, येतील कधीतरी न्यायला.”

मामा, कादंबरीकार बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांना खळ लागली होती. मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. (गिऱ्हाईक मळका सूट घेऊन आलं की बघतात तसं.)

“तुम्हीच का लिहिणारे?”

“हो.”

“मग चांगलं चाललं होतं ते मोडलंत का?”

त्यांनी जे उत्तर दिलं ते मी तीस वर्षांनी माझ्या नातवंडांनाही सांगणार आहे. म्हणाले, “सातव्यानंतर तुम्ही काहीच जाळलं नाहीत.”

“अहो, रोज जाळू का? गिऱ्हाइकं आहेत माझी! आणि तो कोट काय मी खूश होऊन जाळला? तिनं हात ठेवला नि उचलला. बास. माझा भाऊही एकदा असाच...” त्यांनी एक शर्ट उगाचच झटकला. मग एकदम मोठ्यानं म्हणाल्या, “खरी कुठाय? ती आण. ही मिशी घेऊन जा वर.”

कादंबरीकारांनी मान हलवली. मी जिना तीन तीन पायऱ्यांनी चढले. जुनी नऊ ते बारा प्रकरणं मी आधीच टाइप करून ठेवलेली होती, पुसायला हात झाला नव्हता. (म्हणजे लेखकाच्या स्वातंत्र्यावर माझा विश्वास जरा कच्चाच होता म्हणायचा.) ती चारही मी दुपारपर्यंत एका बैठकीत वाचून दाखवली. चावी शोधण्याच्या प्रकरणात मावशी तीन वेळा म्हणाल्या, “अगं, ती मोठीच्या मागे असेल!” आणि ती मोठीच्या मागेच होती. बारावं संपेपर्यंत माझा घसा असा बसला की घरी आल्यावर आईनं मला सांगितलेलं सगळं मी मान हलवून मान्य केलं आणि ती घाबरली.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता (हो, गुरुवारीच, त्याबद्दल खाली) आम्ही सगळे दुकानात. बाईसुद्धा खाली आल्या होत्या, त्यांना मी पहिल्यांदाच त्यांच्या खोल्यांबाहेर उभं पाहिलं. कादंबरीकारांनी आपल्या खिशातून जुनं तेरावं प्रकरण काढलं. त्याचा बोळा झाला होता. ते म्हणाले की हिऱ्यांचं लिहायला घेतलं तेव्हा हे चुरगाळलं, पण टाकवलं नाही. मावशींनी बोळा हातातून घेतला, पानं सुटी केली, इस्त्री सगळ्यात मंद केली, वर पातळ फडकं घातलं आणि एकेक पान असं सरळ केलं की नव्या नोटांना लाज वाटावी. मग त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, वायरही काढली आणि स्टुलावर बसल्या. मावशींना बसलेलं या रस्त्यावर कुणी पाहिलेलं नाही. समोरचे दातांचे डॉक्टर पेशंटला तसंच सोडून दारात आले.

माझा आवाज गेलेला, म्हणून वाचायला कादंबरीकारच उभे राहिले. त्यांना जन्मात एकच गोष्ट मोठ्यानं वाचायची सवय, डेपोतल्या कर्ण्यावरून गाड्यांच्या वेळा. तसंच वाचलं. ना चढ ना उतार. नव्वदाव्या दिवशी भाऊ येतो, खिडकीशी उभा राहतो. ती त्याला ओळखते, तो तिला ओळखतो, दोघंही तसं दाखवत नाहीत. ती नोंदवही पुढे करते, तो सही करतो, ती सही नीट बघते, बॅग देते आणि म्हणते, “पुढच्या वेळी सांभाळून.” संपलं.

मग मावशींनी विचारलं, “नंतर ती परत छत्र्या लावायला जाते का?” कादंबरीकार म्हणाले, “हो. पण ते लिहिलेलं नाही.” मावशी म्हणाल्या, “बरं. जाते ना, मग झालं.”

कादंबरीकार टेबलाकडे वाकून बघू लागले. शर्ट उलटा केला, उशीचा अभ्रा उचलला, वास घेतला.

“काय शोधताय?”

“काही नाही.”

“अहो, बंद केलीय ती! वायर बघा, हातात आहे माझ्या. तुमचं ऐकायचं तर काम बाजूला ठेवावं लागतं, कळलं का? जाळण्यापेक्षा हे परवडलं.”

त्यावर कादंबरीकारांनी मावशींना वाकून नमस्कार केला आणि मावशींनी त्यांच्या केसातली खळ झटकली. मी वर जाऊन तेरावं टाइप केलं, बाईंनी एक स्वल्पविराम चुकलेला पकडला, आणि तीनला सात मिनिटं कमी असताना पुस्तक छापखान्यात पोचलं. आज सकाळी पहिला छापील फॉर्म, म्हणजे पहिली सोळा पानं, आला. बाईंनी तो हुंगला. मीही हुंगला. पुस्तक खपेल की नाही ते आम्हाला माहीत नाही, पण ते जसं लिहिलं होतं तसं आहे.

मामीला सांगा, गुडघ्याला शेक द्यायचा तो तुम्ही बडबड करत असाल तरच द्या, म्हणजे तुमचं लक्ष नसताना काम होईल. तब्येतीला जपा.

तुमची भाची
(आई म्हणते तशी, ‘शिकून बसलेली’)

ता. क. : मावशींना आज विचारलं, पुस्तक आलं की घेणार ना? म्हणाल्या, “कशाला? सगळी ऐकली की मी.” कादंबरीकारांना हे सांगितलं तर वाईट वाटून घेण्याऐवजी ते दिवसभर खूश आहेत. बाई नाहीत.

ता. क. २ : आता ते गुरुवारचं. मामा, तुम्ही गुडघे धरून तीन मजले चढून त्या साहेबांना भेटलात, नोकरीसाठी माझं नाव घातलंत, आणि मुलाखत गुरुवारी सकाळी अकराची लागली. मी गेले नाही. घसा बसला होता असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. पण वाचणार कादंबरीकार होते, टाइप मी एक वाजता येऊनही केलं असतं, माझ्यावाचून काही अडलं नसतं. मला ऐकायचं होतं. एवढंच खरं कारण आहे. येत्या बुधवारी तुम्ही साहेबांचे आभार मानायला जाणार आहात असं आई म्हणाली. कृपा करून जाऊ नका. आणि बाबांना तुम्हीच सांगा. ते पाने पुसत असताना सांगा, तेव्हा हात गुंतलेले असतात. मी सांगितलं तर ते नुसतं भिंतीवरच्या माझ्या पदवीकडे बघतील, आणि ते मला झेपायचं नाही.

ता. क. ३ : एक हस्तलिखित नव्यानं आलं आहे. मावशी आता श्रोता म्हणून बाद झाल्या आहेत. काल त्या दातांच्या डॉक्टरांना कादंबरीचा शेवट कसा असावा ते समजावत होत्या. दुसरं माणूस हवं. कादंबऱ्या न वाचणारं, आणि लेखिकेची भीड न धरणारं. मी तुम्हाला तेवीस वर्षं ओळखते आणि या काळात तुम्ही कशालाच चांगलं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. लेखिका कोण ते आत्ता सांगत नाही. (बाईंनाही सांगितलेलं नाही, पण त्या माझं अक्षर ओळखतात.) प्रकरणं नऊच आहेत. चिडून आलात तर आणखी बरं.